बोगनवेलीचा बोन्साय: कात्री कुठे लावायची, पाणी कधी तोडायचं

फुलांचा बोन्साय करायचा म्हटलं की नवखा माणूस आधी जास्वंद घेऊन येतो. मीही तेच केलं होतं. बोन्सायमध्ये पानं लहान होतात, फांद्या आखूड राहतात, पण फुलाचा आकार फारसा कमी होत नाही. मग वीतभर झाडावर वाटीएवढं फूल येतं आणि ते झाड वडिलांचा फेटा घातलेल्या पोरासारखं दिसायला लागतं. म्हणून पहिलं झाड मुळातच लहान फुलाचं घ्यावं. कामिनी चालेल, पण माझं मत विचाराल तर बोगनवेल.

कारणं साधी आहेत. तिचं खोड दोन-चार वर्षांतच जुनाट दिसायला लागतं, ती कात्री सोसते, आपलं ऊन तिला मानवतं आणि ती गल्लीगल्लीत आहे. मूळची ती दक्षिण अमेरिकेची. लुई आंत्वान द बोगनव्हील हा फ्रेंच दर्यावर्दी जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा त्याच्या मोहिमेतल्या फिलिबेर कॉमर्सन या वनस्पतीशास्त्रज्ञाला ती १७६७ मध्ये ब्राझीलमध्ये सापडली. त्याने तिला कप्तानाचं नाव दिलं आणि आपण त्या नावाच्या शेपटाची 'वेल' करून टाकली. नात्याने ती आपल्या गुलबक्षीची चुलत बहीण. आपण ज्या रंगीत कागदी पाकळ्यांना फूल म्हणतो त्या पाकळ्या नसतात, ती रंग बदललेली पानं असतात. खरं फूल म्हणजे मधली काडेपेटीच्या काडीसारखी पांढुरकी नळी. ती लवकर सुकते, पण रंगीत पानं कित्येक आठवडे टिकतात. म्हणून बोगनवेलीचा बहर दिसतो तरी पुष्कळ दिवस.

आधी ऊन मोजा

झाड आणण्याआधी एक सुट्टीचा दिवस गॅलरीसाठी द्या. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता ऊन कुठपर्यंत येतं तिथे खडूने रेघ मारा. रोज किमान ५ ते ६ तास थेट ऊन मिळत असेल तरच बोगनवेल आणा. उजेड भरपूर आहे पण ऊन नाही, असल्या गॅलरीत ती जगेल, पानं काढेल, काटे काढेल, फुलं मात्र देणार नाही. तिथे कामिनीच बरी.

घरात, टीव्हीशेजारी तर कोणताच फुलांचा बोन्साय ठेवू नका. पाहुणे येणार असतील तर संध्याकाळपुरता आत आणा आणि सकाळी परत बाहेर नेऊन ठेवा. काट्याचं झाड घरात नको, असं म्हणणारी एखादी आत्या प्रत्येकाकडे असते. या एका बाबतीत तिचं ऐकलं तर झाडाचं भलंच होतं.

नर्सरीत गेल्यावर फुलांकडे पाठ करा

पुण्याकडच्या लोकांना सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्यांची रांगच मिळते. तिथे गेल्यावर डोळे आपोआप बहरलेल्या रोपाकडे जातात. तो मोह आवरा. फुलं महिन्या-दोन महिन्यांत गळतील, बुंधा कायमचा राहणार आहे.

रोपासमोर खाली बसा, बोटाने वरची माती इंचभर बाजूला करा. बुंधा जमिनीपाशी जाड आणि वर जाताना बारीक होत गेलेला हवा. मुळं सगळ्या बाजूंनी पसरलेली असतील तर भाग्य समजा. खालच्या वीतभर भागात निदान दोन-तीन फांद्या किंवा डोळे, म्हणजे फुटवा निघायच्या जागा, हवेत. पानं लहान आणि पेरं जवळजवळ असलेलं रोप निवडा. एकाच झाडावर तीन रंगांची कलमं बांधलेली रोपं दिसतील, ती टाळा. कलमाच्या जागी आलेली गाठ बोन्सायमध्ये जन्मभर डोळ्यांत खुपते. रंगाचं म्हणाल तर गडद राणी रंगाची साधी बोगनवेल सगळ्यांत काटक. पांढरी आणि पिवळी पुढच्या वर्षी आणा.

दुसरी वाट फुकटची आहे आणि मला तीच आवडते. मे महिन्याच्या शेवटी सोसायट्यांमध्ये कुंपणावरच्या बोगनवेली छाटतात. माळीकाकांना आधीच सांगून ठेवायचं, की मनगटाएवढे जाड तुकडे टाकू नका. वीत-दीड वीत लांबीचा तुकडा घ्या, खालचं टोक धारदार करवतीने स्वच्छ कापा, धुतलेल्या जाड वाळूत अर्धा पुरा, वरून प्लास्टिकची पिशवी सैल बांधा आणि सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत कोंब फुटतात. इथेच नवखे फसतात. ते कोंब खोडात साठलेल्या अन्नावर फुटलेले असतात. खाली मुळाचा पत्ताही नसतो. आनंदाने उपटून बघितलं की खेळ संपला. दोन-तीन महिने हलवू नका. कुंडीच्या भोकातून मूळ डोकावलं की मगच पुढचं काम.

महिनाभर नुसतं बघा

नर्सरीतून आणलेलं रोप पिशवीसकट उन्हात ठेवा आणि महिनाभर काही करू नका. या महिन्यात ते किती पाणी पितं, कुठून फुटतं, ते कळतं. हात शिवशिवत असतील तर माती चाळून ठेवा.

माती

काळी माती नको. ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात तडकते; बोगनवेलीच्या नाजूक मुळांना दोन्ही सोसत नाही. माझं मिश्रण असं: २ भाग विटांचा चुरा, १ भाग जाड वाळू किंवा बारीक कच, १ भाग पोयटा (गाळाची माती), १ भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकणात, मुंबईत पाऊस जास्त, तिथे पोयटा निम्मा करून चुरा वाढवा. नागपूरकडच्या उन्हाळ्यात उलट थोडं कोकोपीट घातलेलं बरं.

विटांच्या चुऱ्याचा एक धडा. वीट पक्की भाजलेली हवी. एक तुकडा रात्रभर पाण्यात टाका, सकाळी बोटांनी चुरडला गेला तर ती वीट कच्ची. चुरा दोन चाळण्यांतून काढा, तुरीच्या डाळीपासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचा ठेवा आणि खालची पूड टाकून द्या. ही पूडच ट्रेची भोकं बुजवते. मिश्रण कुंडीत भरून वरून पाणी ओता. ते तळं न करता काही सेकंदांत खाली गेलं पाहिजे.

कुंडी लगेच चपटी नको

बोन्साय म्हटलं की लोक आधी चपटा ट्रे विकत घेतात. ट्रे ही शेवटची गोष्ट आहे. लहान कुंडीत खोड जवळजवळ जाड होत नाही. बुंधा अंगठ्याएवढाच असेल तर त्याला दोन-तीन वर्षं मोठ्या जागेत मोकळं वाढू द्या. मी बांधकामावरच्या जुन्या घमेल्याला तळाशी सात-आठ भोकं पाडून वापरतो. उथळ असल्याने मुळं आडवी पसरतात आणि दिसायला वाईट असल्याने कोणी मागत नाही. खालच्या बाजूची एखादी फांदी अजिबात न कापता हवी तेवढी लांब वाढू द्यायची, तिच्यामुळे बुंधा भराभर जाड होतो. काम झालं की ती मुळापासून उडवायची. आमच्या घरी तिला 'बोकड' म्हणतात.

मुळांचं काम मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला, पहिल्या सरींच्या बेताला करा. बोगनवेलीची मुळं ठिसूळ असतात, मातीचा गोळा हातात फुटतो आणि सोबत मुळंही तुटतात. म्हणून रोप ओढून काढू नका, पिशवीच कात्रीने उभी कापा. गोळ्याच्या बाजूची आणि तळाची साधारण एक तृतीयांश माती-मुळं काढा, त्याहून जास्त नको. भोकांवर डासाच्या जाळीचे तुकडे ठेवा आणि त्याच भोकांतून तार ओवून झाड कुंडीला घट्ट बांधा. हे बांधणं विसरू नका. वाऱ्याने झाड हललं की नवी पांढरी मुळं तुटतात. मिश्रण भरताना बांबूच्या काडीने टोचत टोचत पोकळ्या भरा. मग पाणी, आणि दोन आठवडे छपराखाली. नवी पालवी दिसली की उन्हात.

पहिली छाटणी

मुळांचं आणि फांद्यांचं मोठं काम एकाच दिवशी करू नये असं पुष्कळांना शिकवलेलं असतं. बोगनवेल दोन्ही सोसते. तरीही पहिल्या खेपेला मधे महिना-दीड महिना जाऊ द्या, म्हणजे झाड मेलं तर कशाने मेलं ते तरी कळेल.

कात्री घेण्याआधी झाड डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. माझ्याकडे केकला आयसिंग करायचा जुना फिरता स्टँड आहे, त्यावर ठेवून सावकाश फिरवतो. ज्या बाजूने बुंधा सगळ्यांत रुंद दिसतो आणि खोड थोडं आपल्याकडे झुकलेलं असतं, ती झाडाची पुढची बाजू. तिथे कुंडीला खूण करा. मग कापायच्या फांद्यांवर लाल लोकर बांधा आणि झाड दोन दिवस तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना निदान एक लोकर तरी तुम्ही सोडवाल.

कोणत्या फांद्या जायच्या? सरळ वर धावणाऱ्या, सरळ खाली लोंबणाऱ्या, खोडाकडे आत वळलेल्या आणि दुसरीला घासणाऱ्या. समोरासमोर एकाच उंचीवरून निघालेल्या दोन फांद्यांपैकी एक. शेंड्याजवळची जाड फांदी तर नक्कीच, कारण खालची फांदी जाड आणि वरची बारीक हवी. उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट आणि पहिली फांदी उंचीच्या खालच्या एक तृतीयांशाच्या आसपास, हा ढोबळ हिशेब झाला. तुमच्या झाडाची फांदी तिथे नसेल तर हिशेब बदला.

राहिलेल्या फांद्या दोन-तीन पानांवर आखूड करा. काप नेहमी एखाद्या डोळ्याच्या किंचित वर द्यायचा आणि तो डोळा तुम्हाला फांदी जिकडे न्यायची आहे तिकडे तोंड करून असला पाहिजे. नवा फुटवा त्याच दिशेने निघतो. तो पेन्सिलीच्या निम्मा जाड झाला की पुन्हा दोन डोळे ठेवून कापा, या वेळी दुसऱ्या बाजूच्या डोळ्यावर. असं तीन-चार वेळा केलं की फांदी तार न लावताच नागमोडी होते. दक्षिण चीनमधल्या लिंगनान भागातले लोक पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आले. बोगनवेलीला ही रीत तारेपेक्षा जास्त मानवते, कारण ती वाढते भराभर आणि मोडते पटकन.

तार लावायचीच असेल तर

ॲल्युमिनियमची तार घ्या. १.५, २.५ आणि ३ मिमी जाडीच्या तीन गुंडाळ्या वर्षभर पुरतात. फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची आणि लांबीच्या दीडपट तार लागते. हिरवी कोवळी फांदी तारेखाली चिरडते, पूर्ण लाकूड झालेली 'कट्‌' असा आवाज करून मोडते. हिरवेपणा जाऊन नुकतीच तपकिरी व्हायला लागलेली पेन्सिलएवढी फांदी त्यासाठी योग्य. आदल्या दिवशी पाणी देऊ नका, किंचित मऊ पडलेली फांदी निमूट वाकते. तारेच्या वाटेत येणारे काटे जुन्या नेलकटरने उडवा.

वेढे ४५ अंशांत तिरके, फांदीला टेकलेले पण न आवळणारे. बोगनवेलीची फांदी बहुतेक वेळा मधे मोडत नाही, खोडातून निघते तिथेच उचकटते. म्हणून डाव्या हाताच्या अंगठ्याने तो सांधा दाबून धरा आणि उजव्या हाताने थोडं थोडं वाकवा. आज अर्धं, आठवड्याने उरलेलं. दर तीन आठवड्यांनी तार तपासा. पावसाळ्यात खोड इतकं भरभर फुगतं की तारेचे वळ उठतात आणि ते वर्षानुवर्षं जात नाहीत. काढताना तार उलगडत बसू नका, कटरने तुकडे करा. तार चार पैशांची असते.

पाणी, आणि मामाचा ताण

माझ्या पहिल्या बोगनवेलीला दोन वर्षं फूल आलं नव्हतं. पानं हिरवीगार, काटे इंच इंच लांब. रोज सकाळी पाणी, दर आठवड्याला खत, लाड म्हणजे लाड. सांगोल्याजवळ डाळिंब लावणारा माझा मामा दिवाळीत आला होता. गॅलरीत दात घासता घासता त्याने झाड बघितलं आणि विचारलं, "आरं, ताण दिलाईस का ह्याला?" मी म्हटलं, कसला ताण? तो हसला. "पोट भरल्यालं झाड फुलतंय व्हय? पाणी तोड की."

डाळिंब, संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मृग, हस्त, आंबे या फुलायच्या तीन हंगामांतला कोणता बहार धरायचा ते ठरवून शेतकरी बागेचं पाणी तोडतो. झाडाची वाढ थांबते, अन्न साठतं आणि पाणी सोडलं की फुटव्याबरोबर फूल येतं. बोगनवेलीचंही तसंच. तिच्या पानाच्या बगलेत जो अंकुर असतो, त्याचा काटा होऊ शकतो किंवा फुलोरा. सावली, भरपूर पाणी आणि नत्र मिळालं तर काट्याकडे कल. कडक ऊन, लहान होत जाणारा दिवस आणि कोरडेपणा मिळाला तर फुलाकडे. माझ्या इंच इंच काट्यांचा अर्थ मला तेव्हा कळला.

फरक एवढाच, की बागेला महिना-दीड महिना ताण देता येतो. वीतभर कुंडीत असा हिशेब लावलात तर सरपण होईल. आपला ताण दिवसांत, कधी तासांत मोजायचा. तो असा.

नवरात्र बसलं की सगळ्या फांद्यांचे शेंडे खुडा. पाऊस ओसरलेला असतो, दिवस लहान होत असतो. दोन-तीन आठवडे नेहमीसारखं पाणी द्या, नवे फुटवे बोटभर होऊ द्या. मग पाणी बंद. आता रोज दुपारी चारच्या सुमाराला झाडाजवळ जा. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी, ऑक्टोबरचं ऊन कडक असेल तर पहिल्याच संध्याकाळी, शेंड्याकडची कोवळी पानं मान टाकतात. देठ वाकतो, पान मधल्या शिरेवर किंचित मिटतं, हाताला मऊ गार कापडासारखं लागतं. पाणी द्यायची वेळ हीच. खालून निथळेपर्यंत द्या, आणि पुन्हा मान टाकेपर्यंत थांबा. पान कडेने कुरकुरीत झालं असेल तर तुम्ही उशीर केलात. झाड सावलीत ठेवा, कुंडी पाण्याच्या टबात बुडवा आणि पुढच्या वेळी सहा तास आधी या.

असे पाच-सहा फेरे झाले की शेंड्यांवर मोहरीएवढे गुलाबीसर पुंजके दिसतात. ते दिसले की ताण संपला. इथून पुढे झाड पुन्हा सुकू दिलंत तर तेच पुंजके गळतात. खुडणीपासून रंग भरेपर्यंत साधारण ६ ते ८ आठवडे धरा. पुण्यात दरवर्षी जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आसपास एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं. तेव्हा झाड रंगात हवं असेल तर खुडणी नवरात्राऐवजी नोव्हेंबरच्या अखेरीला करा.

एरवीच्या पाण्याला वेळापत्रक नाही. 'रोज एक कप' हे नर्सरीवाल्याचं वाक्य विसरा. कुंडी उचलून बघायची सवय लावा. पाणी दिल्यावर एकदा उचला, सुकल्यावर एकदा उचला. आठवड्याभरात हाताला वजन कळायला लागतं. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी लागेल, जानेवारीत दिवसाआड पुरेल. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरी खपली धरते, ती दिसली की खरवडून टाका आणि कुंडी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन काढा.

खत

याचं फार स्तोम माजवलं जातं. जून ते सप्टेंबर वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला १ ग्रॅम. ताण संपून पुंजके दिसले की झिरो-बावन्न-चौतीस (यात नत्र नाही, फक्त स्फुरद आणि पालाश) त्याच मापाने दोनदा. ही दोन्ही कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. दुकानदार एका कुंडीसाठी किलोभर खत देताना तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. कोरड्या मातीवर खताचं पाणी कधीच ओतू नका. ताण चालू असताना खत बंद. आणि ऊन नसेल तर झिरो-बावन्न-चौतीसची अख्खी पिशवी ओतूनही फूल येणार नाही.

पावसाळा आणि कुजणं

बोगनवेलीचं लाकूड मऊ असतं आणि मोठी जखम ती सालीने भरून काढत नाही. हे मला माहीत नव्हतं. सोसायटीतून आणलेलं मनगटाएवढं खोड मी वरून आडवं, अगदी सपाट कापलं होतं, टेबलासारखं. पावसाळाभर त्यावर पाणी साचलं. ऑगस्टमध्ये एकदा सहज अंगठा टेकवला तर तो नखापर्यंत आत गेला. आत भिजलेल्या ब्रेडसारखा तपकिरी लगदा होता आणि वास ओल्या गोणपाटाचा.

झाड वाचलं. जुन्या चमच्याने सगळा लगदा कोरून काढला, कडक लाकूड लागेपर्यंत. खालच्या बाजूला पाणी निघून जायला एक भोक पाडलं, चार दिवस कोरडं होऊ दिलं आणि आतून बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावली. आता तिथे जुन्या वडाला असते तशी ढोली आहे आणि बघणाऱ्याला ती मुद्दाम केलेली वाटते. मी काही बोलत नाही. तुम्ही मात्र मोठा काप तिरका द्या, पाणी साचू देऊ नका आणि त्याच दिवशी बोर्डो पेस्ट किंवा एखादं तांब्याचं बुरशीनाशक लावा. बरेच जण हळद लावतात. बारीक फांदीच्या कापाला ती ठीक, मोठ्या कापावर विसंबू नका.

सलग पाऊस लागला तर कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी करा. ट्रेमधलं साचलेलं पाणी निघून जातं.

कीड

फार त्रास नाही. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने घासून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. कोवळ्या शेंड्यावर मावा आला तर पाण्याचा जोरदार फवाराही पुरतो. पानांच्या कडा रातोरात कुरतडलेल्या दिसल्या तर अळी आहे. ती दिवसा हिरव्या देठाला देठ होऊनच चिकटते, रात्री टॉर्च घेऊन गेलात की सापडते.

बहर गेल्यावर

रंग फिका पडून पानं कागदासारखी वाजायला लागली की ती देठाखालच्या दोन पानांसकट कापा. मेपर्यंत एक-दोन बहर अजून मिळतात. दरवेळी खुडणी, वाढ, ताण हाच क्रम, फक्त उन्हाळ्यात ताणाचा फेरा एका दिवसात पुरा होतो. मेच्या अखेरीला फांद्या पुन्हा दोन-तीन डोळ्यांवर आणा. ट्रेमधल्या झाडाची माती दर दोन वर्षांनी बदला.

गावाला जाताना

चार दिवसांसाठी झाड सावलीत हलवा. बादलीतून कुंडीच्या मातीत सुती कापडाची वात सोडली तरी निभावतं. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांना सांगावं लागतं आणि खरी पंचाईत तिथे आहे. गेल्या नोव्हेंबरात ताणाचे चार फेरे झाले होते, मी आठवडाभर बाहेर गेलो. शेजारच्या काकूंनी मायेने सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. परत आलो तर झाड हिरवंगार, आणि शेंड्याशेंड्यावर नवे कोवळे काटे. काकू म्हणाल्या, "बिचारं किती सुकलं होतं हो, मी जगवलं!" मी त्यांना चिवडा दिला.

यंदा कुंडीवर चिठ्ठी चिकटवून जाणार आहे: काकू, आधी उचलून बघा. जड लागली तर राहू द्या.